बॅटरी मी बदलली नाही

प्रिय सुधाकर,

उद्या तुझं वर्षश्राद्ध आहे. सगळं गणगोत जमेल, पंगत बसेल, आणि कोणीतरी वरण ओरपता ओरपता नक्की म्हणेल, "सुधाकर गेला, पण दादाच्या हातात त्याचा हात उतरला बरं का!" ते पुन्हा एकदा कानावर पडायच्या आत तुला लिहायला बसलो आहे. कारण ते खोटं आहे. खोटं आहे हे घरात तिघांनाच ठाऊक आहे. मला, तुझ्या वहिनीला, म्हणजे शांताला, आणि तुझ्या कुसुमला. आता चौथा तू.

हसू नकोस. बोलतो वऱ्हाडी आणि लिहायला बसलो की पुस्तकी होतो, म्हणून तू मला नेहमी हसायचास. काय करू? चौथीतून बाबांनी मला बैलांच्या मागे लावलं. पुढची अक्षरं मी किराणाच्या पुड्यांवर आणि लोकांकडून मागून आणलेल्या पुस्तकांत शिकलो. पुस्तकातलं शिकलो म्हणून पुस्तकी लिहितो. तुझं तसं नव्हतं. तुला कुणीच काही शिकवलं नाही, आणि तुला सगळं येत होतं!

माझ्या सायकलची चेन पडली तेव्हाची गोष्ट आठवते? मी घामाघूम होऊन तासभर ओढत होतो. तू अर्ध्या चड्डीत आलास, मागचं चाक काडीभर सैल केलंस, बोटाने चेन बसवलीस आणि पळालास. बाबा ओट्यावरून पाहत होते. म्हणाले, "मोठ्याच्या हातात जोर हाय, लहान्याच्या हातात अक्कल." साठ वर्षं झाली असतील. बाबा गेले, सायकल गेली, तूही गेलास. ते वाक्य काही जात नाही बाप्पा! काट्यासारखं आत मोडून बसलं आहे.

मग तू ती पांढरी गाडी घेतलीस. वाशीमहून, जुनी, एका दाराचा रंग वेगळा. मी म्हणालो, "भंगार आणलं भंगार!" त्याच भंगारात बसवून तू निम्म्या कामरगावाला कारंज्याच्या दवाखान्यात नेलंस आणलंस. लोक रस्त्यात हात दाखवायचे, "सुधाकरभाऊ, थांबा!" आणि तू थांबायचास. मी मोपेडवरून बाजूने जायचो, मला कोण हात दाखवणार? मोठा भाऊ मी, आणि माझी ओळख काय, तर 'सुधाकरचा दादा'. जळायचो रे मी. खरंच सांगतो, जळायचो.

गाडीचं काहीही बिघडलं तरी तू कधी मिस्त्रीकडे गेला नाहीस. बॅटरी बदलायची तरी स्वतः. "दहा नंबरचा पाना अन् पंधरा मिनिटं," म्हणायचास, "त्याच्यासाठी कायले मानूस लावा लागते?" हे तू सहज बोलायचास, पण मला वाटायचं मलाच ऐकवतो आहेस. कारण माझ्या मोपेडची बॅटरी बसली की मी ती ढकलत फाट्यापर्यंत न्यायचो आणि पैसे देऊन बसवून आणायचो. तू कुडाच्या पलीकडे राहत होतास. एक हाक पुरली असती. ती हाक माझ्या घशातून निघाली नाही. परक्याला पैसे देणं परवडलं, तुला हाक मारणं परवडलं नाही. अशी ही जळण!

मधूनमधून तू विचारायचास, "दादा, गाडी बरोबर चालते ना?" मी म्हणायचो, "मिस्त्रीचा हात हाय तो, चालंल नाई तर काय!" तू गप्प व्हायचास. त्या गप्प होण्याचा अर्थ मला आता कळला. सांगतो पुढे.

तू गेलास तो दिवस मी इथे लिहीत नाही. मला जमणार नाही.

तेराव्या दिवशी सगळे बसले होते. कुणीतरी गाडीचा विषय काढला. मी लगेच म्हणालो, "विकून टाका. चालवनारं कोन हाय घरात? उभ्या उभ्या सडंल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मोठ्याचा शब्द! पण सुधाकर, मी खरं कारण बोललो नाही. ती गाडी दारात उभी असेपर्यंत लोक थांबून तुझं नाव काढणार, हे मला सहन होत नव्हतं. मेलेल्या भावाशी बरोबरी कशी करायची? जिवंत होतास तेव्हा निदान तुझ्या चुका काढता येत होत्या. गेल्यावर तर तुझ्या चुकाही लोक कौतुकाने सांगायला लागले.

कुसुम तेव्हा दाराआड होती. तुला आपल्या घरची रीत माहीतच आहे. मी तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. तिने माझ्यासमोर पदर घ्यायचा, माझ्याशी थेट बोलायचं नाही, माझ्या हातात हाताने काही द्यायचं नाही. आणि तिचा आवाज आला तरी मी ऐकू न आल्यासारखं करायचं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. जे असेल ते शांताच्या मार्फत. त्या दिवशीही शांता आतून बाहेर आली आणि म्हणाली, "अवो, कुसुम म्हन्ते, गाडी राहू द्या." मी म्हणालो, "तिले सांग, गाडी राहून काय करनार? पूजा?" शांता आत गेली. परत आली नाही. विषय संपला.

गेल्या महिन्यात अनसिंगचं एक गिऱ्हाईक सापडलं. फोनवर म्हणाला, "काका, चालू गाडी असंल तर घेतो. बंद गाडी भंगारात जाते." गाडीचं झाकण उघडून किल्ली फिरवली तर नुसतं टक्. दिवेही लागेनात. तुझ्या शेवटच्या दिवाळीत तूच म्हणाला होतास ना, "हे बॅटरी म्हातारी झाली दादा, आता एखांदा हिवाळा काढंल"? तिने हिवाळा काढला. तू नाही काढलास.

कारंज्याला जाऊन नवीन बॅटरी आणली. दुकानदार भला माणूस, म्हणाला, "काका, मानूस पाठवतो संगं, बसवून देईन." आयुष्यभर पैसे देऊन काम करून घेतलेला मी, आणि त्या क्षणी काय अंगात आलं कोण जाणे! म्हणालो, "मले हात नाईत काय? माह्या भावाची गाडी हाय." तो म्हणाला, "जुनी आणून द्या मंग, सांभाळून करा." मी ऐकलंच नाही. माझ्या डोळ्यांसमोर फक्त एक चित्र होतं. मी, पाना, आणि बाबा ओट्यावर बसलेले.

सकाळी आठच्या सुमारास मी टिनाच्या शेडमध्ये झाकण उघडून उभा राहिलो. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरट हिरवी बुरशी चढली होती, शिळ्या भाकरीवर चढते तशी. बाजूला तुझ्या अक्षरात रंगाने तारीख लिहिलेली, बसवली त्या दिवसाची. त्या अक्षरावरून बोट फिरवलं, आणि खोटं कशाला बोलू, रागही आला. इथेही तूच!

शांता पाटावर बसून तूर निवडत होती. कुसुम तिच्या मागे खांबाला टेकून, पदर तोंडाशी धरून.

"बाई," कुसुम हळूच म्हणाली, "त्यायले सांगा, आधी गरम पानी अन् खायचा सोडा टाका लागते. बुरशी निंघते."

शांता माझ्याकडे वळली. मी चार हातांच्या अंतरावर उभा. "अवो, आधी गरम पानी अन् सोडा टाका म्हन्ते."

"आयकलं मी."

"तुमाले आयकू येत नसते ना? म्हनून सांगतलं," शांता म्हणाली. तुझ्या वहिनीची जीभ तुला ठाऊकच आहे. "मी काय बाई, तारघर होऊन राह्यली. इकडून आलं की तिकडं." आणि हात झटकत पाणी तापवायला आत गेली.

तिथेच घोळ झाला.

शांता गेली आणि आमच्या मधली तार तुटली. मला वाटलं, पाणी येईपर्यंत एक नट तरी ढिला करू. लाल वायर मोठी, तिचा नट डोळ्यांसमोर. लावला पाना. मागे कुसुमच्या बांगड्या वाजल्या. मग ती खांबाकडे पाहून म्हणाली, "काळी आधी असते. काळी." खांबाला सांगत होती. मला ऐकू आलं. स्वच्छ ऐकू आलं! पण भासऱ्याला ऐकू यायचं नसतं ना? आणि खरं सांगू, रीत ही सबब होती. एका बाईने, त्यातही तुझ्या बायकोने, मला बॅटरी शिकवावी? मी पाना आवळून धरला आणि फिरवला.

पान्याचं दुसरं टोक गाडीच्या पत्र्याला टेकलं. चट्ट! निळी ठिणगी उडाली, डोळ्यांपुढे अंधारी आली. म्हातारी, मेलेली म्हणत होतो ती बॅटरी, पण अजून चावायला तिच्यात दम होता.

"थांबा! हात काढा दादा, हात काढा!"

मी मागे वळून पाहिलं. कुसुम माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. पदर खांद्यावर घसरलेला. इतक्या वर्षांत मी तिचा चेहरा असा समोरून कधी पाहिला नव्हता. केस पांढरे झाले आहेत रे तिचे. आपण घरात राहून माणसांना पाहतच नाही काय?

तिलाही कळलं, काय झालं ते. पण तिने पदर ओढून पळ काढला नाही. म्हणाली, "पाना खाली ठेवा." मी ठेवला. जमिनीवर, तिच्या हातात नाही. तिने तो उचलला. काळ्या वायरचा नट ढिला केला, वायर काढली, फडक्यात गुंडाळून बाजूला सारली. मग लाल काढली. तोवर शांता पातेलं घेऊन आली आणि दारातच थबकली. तिने आधी कुसुमकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हंजे माही नोकरी गेली वाटते," ती म्हणाली.

कुसुमने सोड्याचं पाणी ओतलं. फेस आला, बुरशी निघाली. बॅटरी धरून ठेवणारी पट्टी सोडली. बॅटरी उचलायची वेळ आली तेव्हा ती थांबली. "एकटीले नाई होत. हे एका बाजूनं धरायचे, मी एका बाजूनं." ती 'हे' म्हणाली, म्हणजे तू. मी तुझी बाजू धरली. दोघांनी मिळून ती जड, म्हातारी बॅटरी बाहेर काढली, नवी आत ठेवली. एकाच वस्तूला आम्ही दोघांनी हात लावायची ती पहिली वेळ.

"लावताना उलटं," ती म्हणाली. "लाल आधी, काळी मागून. मंग वरून थोडं व्हॅसलीन, बुरशी चढत नाई." सगळं अगदी तुझ्या सुरात! तुझं 'मंग'सुद्धा तिच्या तोंडी होतं.

मला वाटलं, संपलं. ती पदर खोचून गाडीत बसली. किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. मी मनात म्हणालो, चला, सुरू करता येते हिला. तेवढ्यात गाडी मागे सरकायला लागली! शेडमधून बाहेर, तुळशीला वळसा घालून, लिंबापर्यंत, आणि परत. कुठे टेकली नाही, कुठे बंद पडली नाही.

"हे केव्हा?" मी शांताला विचारलं.

"चार वर्सं झाले. पांदनीच्या रस्त्यानं शिकवलं त्यानं. दुपारी, तुमी झोपल्यावर."

"तुले मालूम होतं?"

"मी मागच्या सीटवर बसत होती ना!"

सुधाकर! सगळ्यांना माहीत, मलाच नाही? त्या वेळी मला जे वाटलं ते लिहायला शब्द सापडत नाहीत. पहिल्यांदा मला तुझ्या हाताचा हेवा वाटला नाही, तुझ्या संसाराचा वाटला. तू तुझ्या बायकोला गाडी दिलीस. मी पंचेचाळीस वर्षांत शांताला गॅसची टाकीही लावू दिली नाही. "सोड, तुले जमत नाई," म्हणत आलो. तिला जमत होतं की नाही, कधी पाहिलंच नाही. तू गेल्यावर तुझी कुसुम बॅटरी बदलते. मी गेल्यावर शांता चहासाठी शेजाऱ्याची वाट पाहणार काय?

आणि आता माझं पाप ऐक.

गाडीचा आवाज ऐकून पलीकडचे गुलाबराव आले. चपला वाजल्या तशी कुसुम पदर घेऊन दाराआड गेली. गुलाबरावांनी पाहिलं तर गाडी सुरू, झाकण उघडं, आणि मी काळ्या हातांनी उभा. ओरडले, "वा दादा, वा! सुधाकरचाच हात उतरला राजा तुमच्यात!"

मी काय म्हणालो असेन? काहीच नाही. हसलो. मान खाली घालून, नम्रपणे, हसलो!

साठ वर्षं या एका वाक्याची वाट पाहत होतो रे. आलं ते चोरीचं आलं, तरी मला सोडवलं नाही. जुनी बॅटरी परत द्यायला कारंज्याला गेलो, दुकानदाराने विचारलं, "कोनं बसवली काका?" म्हणालो, "मीच." चहाच्या टपरीवर लोक जागा द्यायला लागले. परवा तर गुलाबरावांचा जावई ट्रॅक्टरची बॅटरीच घेऊन दारात आला. "मामा, जरा पाहून द्या." मी कंबर धरून खाटेवर आडवा झालो. शांता म्हणाली, "घ्या! आता पाटी लावा दारावर. दवाखाना उघडा बॅटऱ्यायचा."

कुसुम काही बोलली नाही. त्या दिवसानंतर ती पुन्हा दाराआड आहे. आणि ती गप्प आहे म्हणूनच मला घास गिळवत नाही. कारण मी तेराव्याला म्हणालो होतो ना, चालवणारं कोण आहे घरात? आहे की! पण ते सांगितलं, तर बॅटरी कुणी बदलली तेही सांगावं लागतं. म्हणून मी गप्प. अनसिंगचा माणूस परवा गाडी न्यायला येणार असं ठरलं होतं. माझ्या फुकटच्या कौतुकापायी तिची गाडी चालली होती. तिची लेक वाशीमला, दोन बसेस बदलून जाते बिचारी. तिने विकायची गाडी स्वतःच्या हाताने सुरू करून दिली, आणि हूं की चूं केलं नाही!

काल मी शांताला म्हणालो, "कुसुमले इचार, तिनं कोनाले काहून नाई सांगतलं?" शांता गेली आणि बऱ्याच वेळाने आली. डोळे लाल. म्हणाली, "कुसुम म्हन्ते, हे असते तर यायनंबी नसतं सांगतलं. दादा मोपेड फाट्यावरून करून आनत, तवा हे दुसऱ्या दिवशी पहाटे हळूच जाऊन बॅटरीचे नट आवळून येत. मिस्त्री ढिले ठेवते म्हनत. दादाले सांगू नको म्हनत, त्याले खराब वाटंल."

म्हणजे माझी मोपेड चालायची ती मिस्त्रीच्या हाताने नाही!

का रे, सुधाकर? चोरासारखा का आलास? "दादा, दे इकडे तो पाना," इतकंच म्हणायचं होतंस. मी शिव्या दिल्या असत्या, फुगलो असतो, चार दिवस बोललो नसतो. पण पाचव्या दिवशी तुझ्या बाजूला उकिडवा बसून नट कसा आवळतात ते पाहिलं असतं ना! तू माझा मान राखलास आणि मला अडाणी ठेवलंस. मोठा शहाणा तू! पाहा, यातही तूच मोठा निघालास आणि मी जळतोच आहे. हेवा काही तुझ्याबरोबर राखेत गेला नाही. तो माझ्यासोबतच जाईल.

पण आता त्याच्या हातात स्टिअरिंग देणार नाही.

अनसिंगला आज सकाळीच फोन केला. म्हणालो, "गाडी विकायची नाई. चालवनारं मानूस निंघालं घरात." तो म्हणाला, "कोन?" म्हणालो, "उद्याच्या पंगतीले ये, सांगतो." अर्धं काम झालं. अवघड अर्धं उद्याचं आहे.

तर हा माझा तुला शब्द. उद्या पान वाढून झालं, तुझं नाव घेऊन झालं, की मी उभा राहीन. बाबांच्या फोटोकडे तोंड करून नाही, सगळ्यांकडे तोंड करून. सांगेन, बॅटरी मी बदलली नाही, मी फक्त तुझी बाजू धरली होती. बदलली ती कुसुमने. गुलाबरावांसमोर सांगेन, जावयासमोर सांगेन. आणि मग शांताच्या मार्फत नाही, थेट म्हणेन, "कुसुम, गाडीची किल्ली तुही. अन् सवड झाली की मले बी शिकव, आधी काळी, मंग लाल." ती खांबाकडे पाहून उत्तर देईल कदाचित. देऊ दे. या वेळी मला ऐकू येईल.

तुझा जळकुकडा,
दादा

ता. क. पाट्यावरचं सगळं आटोपून शांता आत्ताच विचारून गेली, "टाकी संपली, लावून देता का?" मी म्हणालो, "तूच लाव. मी बाजूनं धरतो."